तोंड असलेली वस्तू

कपाळावर कुंकू होतं म्हणून हुद्दार सरांनी तिला ओळखलंच नाही. रेल्वे गेट पडलं होतं, एवढ्यासाठी ते थांबले होते. हातात दुधाची पिशवी, डोक्याला कानटोपी, मार्गशीर्षातली थंडी कानांच्या कडेनं आत शिरत असलेली. समोरून मालगाडी चालली होती आणि ती संपेपर्यंत बघायला दुसरं काही नव्हतं म्हणून ते पिंपळाकडे बघत होते. त्या पिंपळाखाली फुटक्या देवांची कायमची दाटी. काच तडकलेल्या तसबिरी, सोंड तुटलेले गणपती, पाणी लागून चेहरा पुसला गेलेली लक्ष्मी. घरात ठेवता येत नाही आणि कचऱ्यात टाकवत नाही असं जे जे काही असतं ते आसपासच्या गल्ल्यांतली माणसं इथं आणून ठेवतात आणि मागे न बघता निघून जातात. आज त्या दाटीत एक पांढरं डोकं होतं. माणसाच्या डोक्यापेक्षा थोडं मोठं, मान डावीकडे किंचित कललेली, पापण्या खाली. कपाळभर कुंकू, गालांवर हळदीची बोटं, भांगात शेवंती. कुणीतरी नवीन देवी, असं त्यांच्या मनात आलं आणि गेलं. गाडीचा शेवटचा डबा गेला, गेट वर झालं, मागच्या स्कूटरवाल्यानं हॉर्न दिला, ‘ओ आजोबा, सरका की!’ म्हणाला, आणि सर सरकले नाहीत. मानेचा तो कल त्यांना पाठ होता. डोळे मिटून कागदावर काढता येईल इतका. आपल्या घरातली बाई भर बाजारात अनोळखी माणसांत एकटी उभी दिसावी, तसं त्यांना झालं.

ती ग्रीक होती. म्हणजे जिच्यावरून तिचा साचा घेतला ती संगमरवरी मूर्ती ग्रीक असावी. ही नुसती प्लास्टरची प्रतिकृती. कॉलेजात फार पूर्वी चित्रकलेचा वर्ग होता, मुलांनी समोर ठेवून रेखाटायला म्हणून तिला कुणीतरी आणलं होतं. वर्ग बंद पडला, ती उरली. सर इतिहास शिकवायला रुजू झाले तेव्हा ती ग्रंथालयामागच्या अडगळीत खिडकीच्या कट्ट्यावर होती, आणि दर दिवाळीत भिंतींना चुना मारताना शिपाई तिलाही एक हात मारत. सरांचं ग्रीस त्याआधीच सुरू झालं होतं, निपाणीला. वडील तंबाखूच्या वखारीत कारकून. रद्दीच्या गठ्ठ्यात आलेलं एक जाडजूड इंग्रजी पुस्तक मुकादमानं ‘घे रं पोरा, बाहुल्या हाईत ह्यात’ म्हणून त्यांच्याकडे टाकलं होतं, आणि पोत्यांच्या थप्पीवर बसून, शिंका आवरत, त्यांनी ती चित्रं पाहिली होती: काळ्या पार्श्वभूमीवर उभे असलेले पांढरेशुभ्र, हात तुटलेले, कुणाकडेही न बघणारे देव. पुढे कितीही वाचलं तरी तंबाखूच्या वासाशिवाय त्यांना अथेन्स आठवलं नाही. मातीच्या भांड्यांवरची काळी आणि तांबडी चित्रं, देवळांच्या खांबांचे प्रकार, कुठल्या शतकात पापणी कशी कोरायची, कुठल्या शतकात गुडघा वाकला. सगळं पुस्तकांतून, सगळं काळ्या-पांढऱ्या छायाचित्रांतून. ग्रीसमधला एक दगडही त्यांनी कधी हाताळला नव्हता. चित्रं बघून पोहायला शिकलेला माणूस, असं ते स्वतःला म्हणत, आणि वर्गात ते प्रकरण शिकवताना कुणी काही विचारू नये असं त्यांना वाटे. कुणी विचारतही नसे.

छायाचित्रातल्या मूर्तीच्या मागे जाता येत नाही. हिच्या मागे जाता येत असे. मधल्या सुट्टीत डबा खाऊन ते अडगळीत जात आणि तिच्याभोवती हळू हळू फिरत. कोण आहे ही, एवढाच प्रश्न. एका पुस्तकातल्या प्रेमदेवतेची हनुवटी हिच्यासारखी होती, दुसऱ्या पुस्तकातल्या विवाहदेवतेचे केस. त्यांचं स्वतःचं मन डिमीटरकडे झुके, धान्याची देवी, पाताळात नेलेल्या लेकीसाठी भुकेली-तहानलेली रानोमाळ हिंडलेली आई. पण ते मत पुराव्यानं झालं होतं की नुसत्या हौसेनं, हे त्यांना कधी ठरवता आलं नाही, म्हणून त्यावरचा लेख सुरू होऊन तसाच राहिला. कन्नड शिकवणारे नागेंद्र दर वर्षी विचारत, ‘काय हुद्दार, पोरीचं नाव ठरलं का? बारशाला बोलवा हं, निवृत्त व्हायच्या आत.’ सगळी स्टाफरूम हसे, सरही हसत. दोघेही निवृत्त झाले. बारसं राहिलं.

‘मीच ठिवली की, सर,’ भावकू म्हणाला. तो कॉलेजचा जुना शिपाई. सरांनी दुसऱ्याच दिवशी त्याला कॉलेजच्या फाटकाशी गाठलं होतं. ‘त्या खोलीत कॉम्प्युटर बसवत्यात. समदं ट्रॅक्टरात भरून टाकून ये म्हणाले. बाकं टाकली, नकाशे टाकले. हिला कशी टाकू? तोंड हाय की तिला! तोंड असलेली वस्तू कचऱ्यात टाकत्यात व्हय?’

‘अरे, मला सांगायचंस ना. मी नेली असती.’

‘तुमी कवा बोललासा, न्यायची म्हणून?’ भावकूनं सरळ विचारलं. ‘आता न्हाय हलवायची, सर. पुजलीया आता. कुनाच्या हातनं का असंना, हळद लागलीया.’

घरी कल्याणीबाईंनी चहाचा कप ठेवत म्हटलं, ‘मग जा नि घेऊन या. रिक्षात घाला. कुणी अडवलं तर सांगा, माझी जुनी ओळख आहे.’ त्या हसल्या नाहीत. हसू डोळ्यांत ठेवून बोलायची त्यांची पद्धत होती. ‘रोज पहाटे उठून परक्या बाईचं तोंड बघायला जाताय, त्यापेक्षा घरी आणलेली बरी.’ सरांनी खरोखरच एका सकाळी रिक्षा ठरवली. पिंपळापाशी उतरले. एक कॉलेजची मुलगी चपला काढून डोळे मिटून उभी होती, तिच्या ओठांची हालचाल चालली होती. सर रिक्षात परत बसले. ‘काय झालं? चुकीची जागा काय?’ रिक्षावाल्यानं विचारलं. ‘नाही, बरोबर आहे,’ ते म्हणाले आणि घराचा पत्ता सांगितला.

तेव्हापासून ते नुसते बघत. कुणीतरी रोज तिच्यावर पाणी घालत होतं, हे त्यांना जमिनीवरच्या ओलीवरून कळलं. पहिल्यांदा त्यांना, कबूल करायला लाज वाटली तरी, आनंदच झाला. पाण्यानं चुन्याचे वरचे थर निघत होते. इतकी वर्षं पांढऱ्या लेपाखाली बुजलेल्या केसांच्या लाटा एकेक करून वर येत होत्या, कानाची पाळी उघडी पडत होती. जे करायला त्यांनी कधी ओला फडका हातात घेतला नाही ते कुणाची तरी भक्ती रोज तांब्याभर करत होती, आणि ते चोरासारखे येऊन त्याचं फळ बघून जात होते. मग एका सकाळी त्यांना नाकाच्या शेंड्यावर बारीक खड्डे दिसले, देवीच्या आजाराच्या व्रणांसारखे. गणपतीच्या दिवसांत सगळे ओरडतात की प्लास्टर पाण्यात विरघळत नाही. पण ते नवं, घट्ट, वर रंगाचा लेप असलेलं प्लास्टर. हे जुनं, किती पावसाळ्यांची ओल प्यालेलं, आतून भुसभुशीत. वरच्या ओठाची कड, ज्या कडेवरून शतक ठरवतात ती कड, बोथट व्हायला लागली होती. आता नाक जाणार. मग ओठ. मग एक पांढरा गोळा राहील, आणि ती कोण होती हा प्रश्नसुद्धा राहणार नाही.

आणि तरी त्यांना नीट रागावता येईना. अथेन्समध्ये वर्षातून एकदा देवीच्या जुन्या लाकडी मूर्तीचे कपडे उतरवून तिला अंघोळ घालत, त्या दिवशी देऊळ दोरीनं बंद करत आणि शहरात कुणी शुभकार्य करत नसे. हे त्यांनी किती वेळा शिकवलं होतं. मुलांनी लिहून घेतलं होतं, ‘धार्मिक जीवन’ या मथळ्याखाली. पण त्या मूर्तीला ओलसर लाकडाचा वास येत असेल, कुण्या म्हातारीनं ‘हळू गं, कान दुखेल तिचा’ म्हटलं असेल, हे त्यांच्या मनात कधी आलं नव्हतं. त्यांच्या ग्रीसमध्ये माणसं नव्हती. काळी पार्श्वभूमी होती. ज्या देवांवर आपण आयुष्य घातलं त्यांना आपण कायम सुट्टीच्या दिवशीच भेटलो, देवळाला कुलूप असताना. या विचारानं त्यांना रात्री उशीवर कूस बदलावी लागे.

‘सर? तुमी हितं?’

जयाबाई होती, येळ्ळूरची. कित्येक वर्षं त्यांच्या दारात माळव्याची बुट्टी, भाजीची टोपली, उतरवणारी. आज बुट्टी कट्ट्यावर होती आणि तिच्या हातात तांब्या होता. म्हणजे ही.

‘असाच. फिरायला.’

‘लई दिवस बगतोय मी लांबनं. येतासा, उभं ऱ्हातासा, जातासा. हात बी जोडत न्हाईसा.’ ती हसली, आणि हसू मध्येच सोडून दिलं. ‘आमची लेक तेजस्वी बाळंत झाली सर, सातव्यातच. पोरगी हाय. पेटीत ठिवलीया दवाखान्यात, काचंच्या. येवढीशी.’ तिनं बुट्टीतला एक दोडका उचलून दाखवला, मग तो पटकन खाली ठेवला. ‘दूध वडंना म्हंत्यात. म्हणून हिला धरली. बाकीचे समदे फुटल्यात, ही येकटीच सबूत दिसली. मानंखाली न्हाई म्हणा, पर तोंड सबूत हाय.’

काचेच्या पेटीत. सरांच्या डोळ्यांसमोर न पाहिलेल्या संग्रहालयांतल्या पेट्या आल्या, दिवा लावलेल्या, हात लावू नये अशा.

‘सर, तुमी शिकलेली मानसं. कोन वो ही? नाव घिऊन मागितलं म्हंजी बरं असतंय.’

अडगळीतल्या मधल्या सुट्ट्या त्यांना आठवल्या. लेकीसाठी हिंडणाऱ्या आईचं नाव जिभेवर होतं. ‘नक्की सांगता येत नाही,’ ते म्हणाले.

‘आँ? कालेजात शिकवून बी?’

‘लांबची आहे.’

‘म्हंजी सौंदत्तीकडची?’

‘त्याच्याही पलीकडची.’

‘मग कडक असंल,’ जयाबाई म्हणाली आणि तिनं तांब्या वर उचलला.

‘पाणी नको!’ आवाज वर्गातला निघाला, मागच्या बाकापर्यंत जाणारा. तीही दचकली, तेही. ‘पाणी घालू नका. हिला पाणी चालत नाही.’

‘मग काय चालतंय?’

फार पूर्वी एक ग्रीक प्रवासी गावोगावची देवळं बघत हिंडला होता. त्यानं लिहून ठेवलंय की ऑलिंपियाच्या हस्तिदंती देवाला तेल घालतात, कारण तिथली जमीन दलदलीची. अथेन्सच्या टेकडीवरच्या देवीला पाणी, कारण तिथली हवा कोरडी. आणि आणखी एका गावी तेलही नाही, पाणीही नाही, कारण तिथला देव विहिरीवरच बसवलेला. सरांना तो उतारा आठवला आणि जवसाच्या तेलानं प्लास्टर घट्ट होतं हेही आठवलं. ‘तेल,’ ते म्हणाले. ‘जवसाचं. कापडानं पुसून घ्यायचं, थोडं थोडं.’

‘तेल?’ जयाबाईचा हात वरच राहिला. ‘शनीला घालत्यात तसं?’

सरांनी मान हलवली. उभ्या जन्मात ग्रीक मूर्तींविषयी त्यांनी ठामपणे केलेलं हे पहिलं विधान, आणि समोरच्या माणसानं ते जसंच्या तसं मानलं होतं. घरी जाताना त्यांची पावलं हलकी पडत होती. कल्याणीबाईंनी दार उघडून त्यांच्याकडे पाहिलं. ‘आज बोलली वाटतं ती?’

पुढचे काही दिवस सुखाचे गेले. कुणी कुणाला सांगितलं कोण जाणे, पण पिंपळाखाली तेलाच्या वाट्या आल्या. प्लास्टरला हळूहळू पिवळसर रंग चढला, जुन्या हस्तिदंतासारखा. सकाळच्या तिरप्या उन्हात गालाचं हाड दिसायला लागलं. एवढी सुंदर ती त्यांनी कधी पाहिली नव्हती. जयाबाई माळवं घेऊन आली नाही, हे त्यांच्या लक्षातही आलं नाही. कल्याणीबाई दोनदा म्हणाल्या, ‘कुठं गेली ही, मेथी राहिली माझी.’

ती आली ती भर दुपारी, बुट्टीशिवाय. चौकटीला धरून उभी राहिली, आत ये म्हटलं तरी येईना. डोळे आत गेलेले.

‘बाळ मधनंच श्वास सोडतंय, सर. मशीन लावलंय.’ ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत, सोडत होती. ‘तेलाची देवी ती. आनि मी रोज सकाळी उठून थंडगार पानी वतलं. न कळत का होईना, वतलंच न्हवं? तेजीला सांगितलं तर ती बोलंना माझ्यासंगं. तोंड भितीकडं करून निजलीया. म्हंती, आई, तूच.’ तिनं नाक ओढलं. ‘दंड काय असतोय हिचा, सांगा. कोंबडं का उपास? तुमाला म्हाईत हाय तिचं समदं.’

‘जयाबाई, ऐका. ती देवी नाही.’ सरांना स्वतःचा आवाज भिंतीपलीकडून आल्यासारखा वाटला. ‘प्लास्टर आहे ते. मुलांना चित्र काढायला आणलेलं. पाण्यानं झिजत होतं म्हणून मी तसं म्हणालो. बाळाचा आणि त्याचा काही संबंध नाही.’

तिनं त्यांच्याकडे पाहिलं ते रागानं नव्हे. आजारी माणूस बरळतो तेव्हा बघतात तसं. ‘आसं म्हनू नका, सर,’ ती हळूच म्हणाली. ‘ऐकंल.’

‘पाणी चालतं तिला.’

‘मला बरं वाटावं म्हणून बोलतासा.’

स्वयंपाकघराच्या दारात कल्याणीबाई उभ्या होत्या. आता डोळ्यांतही हसू नव्हतं. ‘तेल तुम्ही सांगितलंत ना?’ त्या म्हणाल्या. ‘मग आता पाणी घालून दाखवा, बसून काय राहिलाय?’ आणि त्यांनी तांब्याची कळशी सरांच्या हातात दिली, तांब्या जयाबाईच्या.

पिंपळाखाली ऊन होतं. कोपऱ्यावरच्या नळावर सरांनी कळशी भरली. ती उचलताना त्यांची कंबर कळवळली. वाटेवरचे दोघेतिघे थांबले. ‘सर, नगो, आनि वाडवू नगा,’ जयाबाई मागून म्हणत होती. त्यांनी तिच्या हातातला तांब्या घेतला, बुडवला, आणि मूर्तीच्या डोक्यावर धरला; त्या केसांच्या लाटांवर, ज्यांना ते शतकांच्या क्रमानं ओळखत. मग त्यांनी ओतलं.

पहिलं पाणी अळूच्या पानावरून जावं तसं तेलावरून घसरलं, काहीच झालं नाही. दुसरं, तिसरं. मग कानामागे एक बारीक चीर होती तिथून पाणी आत शिरलं आणि प्लास्टर ते पिऊ लागलं. तो आवाज त्यांना ऐकू आला, ढेकूळ भिजताना येतो तसा. चीर गालावर उतरली. नाकाचा शेंडा गुळाच्या खड्यासारखा सुटून हळदीत पडला. त्यांनी डाव्या हातानं हनुवटी सावरली, आणि ती मऊ होती. ते ओतत राहिले. चिरेतून आता आत मुरलेला चुना सुटत होता, किती दिवाळ्यांचा, आणि हनुवटीखालून, त्यांच्या बोटांमधून, घट्ट पांढरी धार लागली.

‘दूध!’ जयाबाई ओरडली. ‘अगं बाई, दूध सोडलं की!’ तिनं त्यांच्या हातातून तांब्या ओढून धारेखाली धरला. बघणाऱ्यांपैकी कुणीतरी हात जोडले. ‘सर, बगा वो, दूध! पोरगी दूध वडंना आनि हिनं बगा...’ ती रडत होती, हसत होती, तांब्या अर्धा भरला होता. ‘नेतो आता असंच. ओठाला येक थेंब लावतो. नर्सबाईच्या पाया पडतो, पर लावतोच.’

काचेच्या पेटीत दोडक्याएवढं बाळ, आणि त्याच्या ओठांशी चुना. हे दूध नव्हे, असं सर म्हणाले असते, पण आज दुपारी एकदा खरं बोलून झालं होतं आणि त्याचं काय झालं ते त्यांनी पाहिलं होतं.

‘जयाबाई, थांबा. हे बाळाचं नाही.’

‘मग कुनाचं?’

‘पाणी बंद करा म्हणून कोण बोललं?’

‘तुमी.’

‘चालत असलेलं पाणी कुणी तोडलं? तुम्ही का?’

‘...न्हाय.’

‘मग दंड कुणाचा?’

तिनं तांब्या घट्ट धरून ठेवला होता. त्यांनी तो तिच्या बोटांतून सोडवून घेतला, एकेक बोट, आणि तोंडाला लावला. तेल, हळद, जुन्या भिंतीचा वास. कचकच दाताखाली आली, मग जिभेवर, मग घशात. त्यांनी श्वास न घेता प्यायलं; मध्ये एकदा ओकारी आली ती गिळली. तांब्या खाली केला तेव्हा त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं.

‘समदं?’ जयाबाईनं विचारलं.

‘सगळं.’

तिनं तांब्यात वाकून पाहिलं, मग तो उलटा करून झटकला. काही पडलं नाही. तिचे खांदे एकदम खाली आले. ‘मग तेजीला सांगू काय, सरांवर गेलं म्हणून? माझ्यावर न्हाय म्हणून?’

‘सांगा. असंच सांगा.’

‘तुमाला काय झालं तर वो?’

‘जा तुम्ही. बस येईल.’

ती दोन पावलं गेली आणि वळली. ‘मिशीला लागलंय, पुसा,’ म्हणाली, आणि पदर खोचून दवाखान्याच्या रस्त्यानं धावत सुटली. या वयाची बाई इतकी धावू शकते हे सरांना माहीत नव्हतं. बघणारे पांगले. पिंपळाखालचा चेहरा आता कुणाचाही असू शकला असता. ते कट्ट्यावर बसले, रिकामी कळशी मांडीवर घेऊन. दुपारची गाडी गेली, गेट पडलं आणि उठलं. छातीच्या खाली, पोटाच्या वरच्या बाजूला, त्यांनी लक्ष लावलं होतं. गार वाटत होतं, जड वाटत होतं, पण दुखत नव्हतं. त्यांनी तळहात तिथं दाबून धरला. सगळं आयुष्य पुराव्याशिवाय काही न मानलेला माणूस तिथं उन्हात बसला होता, दुखायला कधी लागतंय याची वाट बघत.